दगडावरचे नाव

सह्याद्रीच्या माथ्यावर, जेथे नाशिक, ठाणे आणि अहिल्यानगर या तीन जिल्ह्यांच्या सीमा एकमेकींजवळ येतात, तेथे डोंगरांची मोठी दाटी आहे. एका बाजूस १६४६ मीटर उंचीचे कळसूबाईचे शिखर आहे; महाराष्ट्रात याहून उंच शिखर नाही. दुसऱ्या बाजूस हरिश्चंद्रगड आपल्या प्रचंड कड्यासह उभा आहे. या दोहोंच्या मध्ये, अकोले तालुक्यात, रतनगड नावाचा किल्ला आहे. त्याची उंची सुमारे तेराशे मीटर असून, प्रवरा नदी त्याच्याच अंगावर उगम पावते. पावसाळ्यात या भागात पाऊस असा कोसळतो की, जवळच्या घाटघर गावाला लोक 'नगर जिल्ह्याचे चेरापुंजी' म्हणतात. दिवाळीच्या सुमारास मात्र आकाश निवळते, भाताची खाचरे पिवळी होतात आणि डोंगर धुऊन पुसून ठेवल्यासारखे स्वच्छ दिसू लागतात.

अशाच एका दिवाळीच्या सुट्टीत नाशिकचे एक वृद्ध गृहस्थ आपल्या नातीला व नातवाला घेऊन रतनगडाकडे निघाले. नात बारा वर्षांची होती, नातू दहा वर्षांचा. आजोबांनी सत्तरी ओलांडली होती. परंतु रोज पहाटे चालण्याचा नेम त्यांनी कधी मोडला नव्हता, म्हणून घरच्यांनी त्यांना जाऊ दिले.

या डोंगरांत आजोबा पूर्वी एकदा आले होते. ते साल होते १९७१. तेव्हा ते एकोणीस वर्षांचे होते आणि महाविद्यालयात शिकत होते. दोन मित्रांसह त्यांनी दिवाळीची सुट्टी रतनगडावर घालविली होती. त्या प्रवासाच्या गोष्टी त्यांनी नातवंडांना इतक्या वेळा सांगितल्या होत्या की, त्या मुलांना पाठ झाल्या होत्या. जलाशयाच्या काठाकाठाने केलेली दिवसभराची पायपीट, गुहेत काढलेली थंडीची रात्र, नेढ्यातून घोंगावणारा वारा या सर्व गोष्टी त्यांत असत. आणि प्रत्येक वेळी शेवटी एक वाक्य ठरलेले असे : "अजून माझे नाव आहे बरे का रतनगडाच्या दरवाजावर! स्वतःच्या हातांनी कोरले आहे."

नातवाला या वाक्याचा फार अभिमान वाटे. सुट्टी लागण्यापूर्वी त्याने वर्गातील सर्व मित्रांना सांगून ठेवले होते, "आमच्या आजोबांचे नाव किल्ल्यावर कोरलेले आहे. मी ते पाहायला जाणार आहे."

घोटी गेले, बारी गाव मागे पडले. बारीतून कळसूबाईकडे जाणारी वाट आजोबांनी खिडकीतून मुलांना दाखविली. मग शेंडी गाव आले आणि आजोबा एकदम गप्प झाले. त्यांच्या आठवणीतले शेंडी म्हणजे काही थोडी कौलारू घरे, एक चहाचे दुकान आणि एस.टी.चा थांबा. आता तेथे उपाहारगृहे झाली होती, मोटारींची रांग लागली होती आणि जलाशयाच्या काठी पर्यटकांसाठी रंगीत तंबू उभारले होते.

"आजोबा, तुम्ही सांगितलेले गाव हेच का?" नातीने विचारले.

"नाव तरी तेच आहे," आजोबा म्हणाले.

भंडारदऱ्याचे धरण मात्र होते तसेच होते. मुले त्याच्याकडे पाहत उभी राहिली. प्रवरेच्या अरुंद खिंडीत उभी केलेली ती दगडी भिंत ८२ मीटर उंच आहे. तिचे बांधकाम १९१० साली सुरू झाले आणि १९२६ साली पुरे झाले. त्या काळी देशातील अत्यंत उंच धरणांत तिची गणना होत असे. येथे अडविलेले पाणी प्रवरेच्या पात्रातून व पुढे कालव्यांतून खालच्या सपाट प्रदेशात जाते आणि तेथील शेती त्यावर पिकते. येथे मात्र जलाशयाच्या पाण्यात डोंगरांची प्रतिबिंबे शांतपणे डुलत होती.

"याचे सरकारी नाव विल्सन धरण," आजोबांनी सांगितले. "लेस्ली विल्सन हे तेव्हा मुंबई इलाख्याचे गव्हर्नर होते."

"त्यांनी बांधले का हे?" नातवाने विचारले.

"छे! सोळा वर्षे हजारो मजुरांनी दगड फोडले, वाहिले आणि रचले, तेव्हा हे उभे राहिले."

"मग त्या मजुरांची नावे कोठे आहेत?"

आजोबांना उत्तर सुचले नाही. ते म्हणाले, "चला, उशीर होईल. अजून रतनवाडी गाठायची आहे."

रतनवाडी हे रतनगडाच्या पायथ्याचे गाव. १९७१ साली आजोबा व त्यांचे मित्र तेथे पायी गेले होते. झाडीतून जाणारी पाऊलवाट, मध्येच लागणारे ओढे, काठावर पाणी पिणाऱ्या गाई हे सर्व त्यांना पुन्हा पाहावयाचे होते. परंतु आता जलाशयाला वळसा घालून गाडीचा रस्ता झाला होता आणि तासाभरात गाडी रतनवाडीला पोहोचलीही. आजोबांचा हिरमोड झाला.

रात्रीच्या मुक्कामाची सोय गावातच एका घरी झाली. हे घर महादेव कोळी समाजातील एका कुटुंबाचे होते. घरातील आजीबाई आजोबांच्याच वयाच्या असाव्यात. त्यांनी चुलीवर नागलीच्या भाकऱ्या भाजल्या, हुलग्याचे पिठले केले आणि मुलांना आग्रहाने वाढले. शेतातला भात कापून खळ्यावर आणण्याचे दिवस होते; घराच्या अंगणात पेंढ्यांचा वास दरवळत होता.

जेवता जेवता आजोबा म्हणाले, "बाई, तुमचे गाव फार बदलले हो. पूर्वी शेंडीहून इथवर चालत येण्यात काय मौज होती! या रस्त्याने सारी शोभा घालविली."

आजीबाई तव्यावरची भाकरी उलटीत म्हणाल्या, "भाऊ, तुम्ही दोन दिसांचे पाहुणे. तुम्हाला चालायची मौज वाटायची. आम्हाला आजारी माणूस झोळीत घालून न्यावा लागायचा. पावसात ओढे भरले म्हणजे तेही जमायचे नाही. माझी थोरली जाऊ अशीच वाटेत गेली, बाळंतपणात. रस्ता आला, आता दवाखाना तरी गाठता येतो."

क्षणभर कोणीच बोलले नाही. आजोबांनी हातातील घास तसाच ठेवला. ज्या वाटेच्या आठवणीने त्यांचे मन पन्नासहून अधिक वर्षे सुखावत होते, त्याच वाटेवर या घराने आपले माणूस गमावले होते.

"माझे चुकले," ते हळू आवाजात म्हणाले. "मी केवळ माझ्यापुरते पाहत होतो."

"त्यात काय चुकायचे?" आजीबाई हसून म्हणाल्या आणि त्यांनी आणखी एक भाकरी आजोबांच्या ताटात टाकली.

दुसऱ्या दिवशी पहाटे त्याच घरातील एक तरुण वाटाड्या म्हणून त्यांच्याबरोबर निघाला. गड चढण्यापूर्वी त्याने मुलांना गावातील अमृतेश्वराच्या मंदिरात नेले. हे शिवमंदिर सुमारे हजार वर्षांपूर्वीचे, शिलाहार राजांच्या काळातील, मानले जाते. शिखराच्या पायथ्यापासून टोकापर्यंत लहान लहान शिखरांच्या प्रतिकृती ओळीने चढत गेल्या आहेत. खांबांवर, छतांवर, दारांच्या चौकटींवर नक्षीकाम एवढे नाजूक आहे की, ते दगडाचे आहे यावर विश्वास बसू नये. मंदिराजवळ एक पुष्करिणी आहे. तिच्या भिंतींतील कोनाड्यांत देवतांच्या मूर्ती आहेत आणि निश्चल पाण्यात त्यांची प्रतिबिंबे पडतात.

नात एका खांबाजवळ बराच वेळ उभी होती. मग ती वाटाड्याला म्हणाली, "दादा, एवढे सुंदर काम ज्यांनी केले, त्यांचे नाव कोठे लिहिलेले आहे?"

"कोठेच नाही, ताई," तो म्हणाला. "लोक राजाचे नाव घेतात. कारागिरांचे कुणालाच ठाऊक नाही."

"त्यांनी एवढी फुले कोरली, मग स्वतःचे नाव का नाही कोरले?"

वाटाड्या हसला. "त्यांना फुले कोरायची असतील."

हे उत्तर ऐकून आजोबा वळून चालू लागले. काल धरणावर नातवाने विचारलेला प्रश्न आणि आज मंदिरात नातीने विचारलेला प्रश्न, दोन्ही त्यांच्याबरोबर गडाची वाट चढू लागले.

वाट प्रथम प्रवरेच्या पात्राच्या कडेने जाते. तेथे ही नदी एवढी लहान आहे की, नातवाने ती एका उडीत ओलांडली. "धरणातले सारे पाणी येथून येते?" त्याने आश्चर्याने विचारले. "हे आणि असे शेकडो ओढे मिळून," वाटाड्याने सांगितले. पुढे दाट झाडी लागली. हिरड्याची झाडे, करवंदीच्या जाळ्या आणि उतारावर माजलेली कारवी यांतून वाट वर जात होती. कारवी सात-आठ वर्षांतून एकदाच एकदम फुलते आणि तेव्हा सगळे डोंगर जांभळे दिसतात, हे ऐकून मुलांनी ते वर्ष वहीत टिपून ठेवावयाचे ठरविले.

आजोबा सावकाश चढत होते. दर थोड्या वेळाने ते थांबत, काठीवर भार देत आणि पुन्हा निघत. झाडी संपून कातळ सुरू झाला, तेथे लोखंडी शिड्या लावलेल्या होत्या. शिडीचा कठडा घट्ट धरून, वाटाड्याच्या आधाराने, ते एकेक पायरी चढले. वर पोहोचल्यावर समोरच गडाचा गणेश दरवाजा दिसला.

"आजोबा, हाच ना?" नातू ओरडला. "कोठे आहे तुमचे नाव?"

तो पुढे धावला आणि दरवाजाच्या चिऱ्यांवर शोधू लागला. परंतु शोधणे सोपे नव्हते. दगडावर नावांची गर्दी झाली होती. काही नावे तैलरंगाने रंगविली होती, काही कोळशाने लिहिली होती, काही टोकदार वस्तूने खरवडली होती. कोठे नुसती आद्याक्षरे होती, कोठे गावाचे नाव, कोठे तारीख. एका नावावर दुसरे नाव, दुसऱ्यावर तिसरे. जुन्या पाथरवटाने घडविलेला चिरा त्या सर्वांखाली गुदमरून गेल्यासारखा दिसत होता.

"हे पाहा! सापडले!" नातू आनंदाने नाचू लागला.

खरोखरच ते तेथे होते. चिऱ्याच्या मध्यभागी, खोल आणि ठळक अक्षरांत, आजोबांचे पूर्ण नाव कोरलेले होते आणि खाली वर्ष होते : १९७१. पन्नासहून अधिक पावसाळ्यांत त्याची एक रेघही पुसट झाली नव्हती. या भागातील खडक काळा बेसॉल्ट. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी पृथ्वीच्या पोटातून उसळलेल्या लाव्हारसाचा तो बनलेला आहे. असा खडक पावसाने लवकर झिजत नाही.

आजोबा जवळ आले. त्यांनी चष्मा पुसला आणि पाहिले. आजूबाजूला उमटलेल्या नावांपैकी पुष्कळशी नंतरच्या वर्षांची होती. जणू या एका नावाने सुरुवात करून दिली आणि बाकीची त्याच्या मागोमाग आली. गाव बदलले होते, वाट बदलली होती, बरोबरचे दोन मित्रही आता या जगात नव्हते. त्यांच्या तारुण्यातील जे काही या डोंगरात जसेच्या तसे शिल्लक होते, ते एवढेच!

आता त्यांना ती दुपार स्पष्ट आठवली. एक मोठा खिळा आणि एक धोंडा घेऊन ते अर्धी दुपार ठोकत बसले होते. गावातील एक म्हातारा त्यांना वाट दाखविण्यासाठी आला होता. तो सावलीत बसून हे सारे पाहत होता. काम पुरे झाल्यावर त्याने एवढेच विचारले होते, "पोरा, हे कुणी वाचायचे?" तिघेही मित्र तेव्हा मोठ्याने हसले होते. नातवंडांना गोष्ट सांगताना आजोबा हा भाग नेहमी गाळीत असत. मुद्दाम नव्हे, त्यांना तो आठवतच नसे.

इतक्यात त्यांना खरखर असा आवाज ऐकू आला. नातवाने एक टोकदार दगड उचलला होता आणि आजोबांच्या नावाच्या खाली तो आपल्या नावाचे पहिले अक्षर काढू लागला होता.

"थांब!" आजोबा एवढ्या मोठ्याने म्हणाले की, मुलगा दचकला. त्याच्या हातातून दगड गळून पडला.

"पण आजोबा, तुमचेही आहे ना? मी तुमच्या खालीच काढत होतो."

आजोबा त्याच्याजवळ पायरीवर बसले. त्यांनी त्याचा हात आपल्या हातात घेतला. "बाळ, रागावलो तो तुझ्यावर नव्हे. तू जे करीत होतास, ते माझ्याकडूनच शिकलास. मी हे नाव कोरले, हे चुकीचे केले. त्याहून मोठी चूक ही की, इतकी वर्षे त्याची फुशारकी मिरविली."

मग ते वाटाड्याकडे वळले. "गावात हातोडी-छिन्नी मिळेल का? मी उद्या पुन्हा येतो. मला हे नाव खोडून टाकायचे आहे."

वाटाड्याने मान हलविली. तो व त्याचे मित्र दर पावसाळ्यानंतर गडावर येऊन कचरा गोळा करीत असत, त्यामुळे त्याला या गोष्टी ठाऊक होत्या. तो म्हणाला, "बाबा, रंगाने लिहिलेले नाव जाणकार माणसे जपून काढू शकतात. कोरलेले निघत नाही. छिन्नी लावली, तर तेवढा दगड आणखी फुटेल आणि नावाच्या जागी मोठा खड्डा पडेल. आता ते तसेच राहू द्यायचे."

"म्हणजे ते कधीच जायचे नाही?"

"आपल्या हयातीत तरी नाही."

आजोबा काही वेळ त्या अक्षरांकडे पाहत बसले. चूक कळावी, ती सुधारण्याची इच्छाही व्हावी आणि तरी ती सुधारता येऊ नये, याचे दुःख काय असते, ते त्या वेळी त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होते. नातीने न बोलता पाण्याची बाटली त्यांच्यापुढे केली.

तेवढ्यात शिडीवरून हसण्याबोलण्याचा आवाज आला आणि चार-पाच महाविद्यालयीन तरुण दरवाजात येऊन पोहोचले. त्यांनी घाम पुसला, छायाचित्रे काढली. मग त्यांच्यातील एकाने खिशातून किल्ली काढली आणि चिऱ्यावर रिकामी जागा शोधू लागला.

वाटाडा पुढे होणार, तोच आजोबा उठून उभे राहिले. त्यांनी त्या तरुणाला रागे भरले नाही. संरक्षित स्मारकाची नासधूस करणे हा गुन्हा ठरतो, हे त्यांना माहीत होते. परंतु तेही ते बोलले नाहीत. ते एवढेच म्हणाले, "मुला, तू लिहिण्यापूर्वी येथले एक नाव वाच."

तरुणाने बोट ठेवलेल्या जागी पाहिले आणि मोठ्याने वाचले.

"ते माझे नाव आहे," आजोबा म्हणाले. "तेव्हा मी तुझ्याएवढाच होतो. कोरायला मला अर्धी दुपार लागली. आज ते पुसावे म्हणून मी हातोडी मागितली, तर हा म्हणतो, ते पुसता येणार नाही. माझ्या नातवाने ते पाहिले आणि लगेच स्वतःचे नाव कोरायला दगड उचलला. एवढेच मला तुला सांगायचे होते. आता तू काय करायचे, ते तुझे तू ठरव."

तरुण ओशाळला. त्याने किल्ली खिशात टाकली. त्याचा एक मित्र दगडावरील दुसऱ्या एका नावाकडे पाहत पुटपुटला, "हा तर आपल्याच महाविद्यालयाचा दिसतो." कोणी हसले नाही. जाताना त्या तरुणाने आजोबांना वाकून नमस्कार केला.

दरवाजातून पुढे सर्वजण गडाच्या माथ्याकडे निघाले. तेथे कातळाच्या अरुंद धारेला आरपार भगदाड पडलेले आहे. यालाच 'नेढे' म्हणतात. सुईच्या नेढ्यातून दोरा जावा तसा या नेढ्यातून वारा जातो. खडकाचा मऊ भाग ऊनपाऊस व वारा यांनी झिजत गेला आणि हे नेढे तयार झाले. त्यात दहा-बारा माणसे सहज बसू शकतात. मुले तेथे जाऊन बसली, तेव्हा वाऱ्याने त्यांचे केस उडू लागले आणि बोललेले शब्द ऐकू येईनासे झाले.

नेढ्यातून दिसणारा देखावा पाहून आजोबांचे मन थोडे हलके झाले. एका बाजूस भंडारदऱ्याचा जलाशय आरशासारखा चमकत होता आणि त्याच्यामागे कळसूबाईचे टोक उभे होते. एकीकडे अलंग, मदन आणि कुलंग हे तीन दुर्ग खांद्याला खांदा लावून बसले होते. दुसरीकडे कोकणात उतरणारे कडे एकदम तुटले होते आणि खाली निळसर धुक्यात गावे दिसत होती.

"आणि तो पलीकडचा मोठा डोंगर कोणता?" नातवाने विचारले.

"त्याचे नाव आजोबा," वाटाड्याने सांगितले.

मुलांना ही थट्टाच वाटली. परंतु ती थट्टा नव्हती. या डोंगरावर वाल्मीकी ऋषींचा आश्रम होता आणि लव-कुश त्यांना 'आजोबा' म्हणत, म्हणून डोंगरालाही तेच नाव पडले, अशी या भागातील लोककथा आहे.

"म्हणजे तेथे 'आजोबा' असे कोणी कोरलेले नाही?" नातवाने विचारले.

"कशाला कोरायचे? सगळ्यांना ठाऊक आहे."

मग वाटाड्याने आणखी एक गोष्ट सांगितली. याच अकोले तालुक्यात देवगाव नावाचे गाव आहे. तेथील राघोजी भांगरे या महादेव कोळी वीराने इंग्रज सरकार व जुलमी सावकार यांच्याविरुद्ध बंड पुकारले. या डोंगरांतील रानावाटा हेच त्यांचे बळ होते. शेवटी ते पकडले गेले आणि २ मे १८४८ रोजी ठाण्याच्या तुरुंगात त्यांना फाशी देण्यात आली.

"त्यांनी या दगडांवर नाव कोरले का, ते मी कधी ऐकले नाही," वाटाडा म्हणाला. "पण माझ्या आजीला लिहिता-वाचता येत नाही, तरी ते नाव तिला ठाऊक आहे. तिने ते आम्हाला सांगितले."

आजोबांनी मान डोलविली. 'हे कुणी वाचायचे?' या म्हाताऱ्याच्या प्रश्नाचा अर्थ त्यांना आता कळला होता.

उन्हे कलू लागल्यावर सर्वजण परत फिरले. उतरताना नातीने आपल्या पिशवीत वाटेवरचे कागद व प्लॅस्टिकच्या बाटल्या गोळा करण्यास आरंभ केला. नातवाने तिला मदत केली. गणेश दरवाजाजवळ आल्यावर तो थांबला. सकाळी त्याने ओढलेली एक रेघ दगडावर पांढरी दिसत होती. त्याने ती बोटांनी चोळली, मग रुमाल भिजवून पुसली. रेघ पुष्कळशी गेली. पण थोडीशी राहिलीच.

"आजोबा," शिडीपाशी येऊन तो म्हणाला, "त्या मुलांना तुम्ही सांगितले नसते, तर ते नाव तुमचे आहे, हे त्यांना कळलेच नसते. तुम्हाला लाज नाही वाटली?"

"वाटली," आजोबा म्हणाले. "पण ते नाव आता पुसता येत नाही. निदान त्याचा काही उपयोग तरी व्हावा."

रात्री आजीबाईंच्या घरी पुन्हा नागलीची भाकरी होती. अंगणात पेंढ्यांवर चांदणे पडले होते आणि रतनगडाची काळी आकृती आकाशात दिसत होती. तिथे नेढ्याच्या जागी एक तारा क्षणभर लुकलुकला आणि कातळाआड गेला.

नातीने भावाला हळूच विचारले, "शाळेत सगळ्यांना सांगून ठेवले आहेस ना, आजोबांचे नाव किल्ल्यावर आहे म्हणून? आता काय सांगशील?"

तो थोडा वेळ विचार करीत राहिला. मग म्हणाला, "सांगेन, आहे म्हणून. आणि माझे नाही, हेही सांगेन."

आजोबा ओसरीवर डोळे मिटून पडले होते. त्यांना झोप लागली आहे, असे मुलांना वाटले. परंतु ते जागे होते.

स्वाध्याय

१. रस्त्याविषयी आजोबांना काय वाटत होते? आजीबाईंच्या बोलण्याने त्यांचे मत का बदलले?
२. धरण व मंदिर पाहताना मुलांनी कोणते प्रश्न विचारले? त्या प्रश्नांचा गडावरील प्रसंगाशी काय संबंध आहे?
३. 'पोरा, हे कुणी वाचायचे?' या प्रश्नाचा अर्थ तुमच्या शब्दांत सांगा.
४. आजोबांनी त्या तरुणाला रागे न भरता स्वतःचे नाव का दाखविले?
५. तुमच्या गावाजवळील एखाद्या जुन्या वास्तूला भेट द्या. ती कोणी व केव्हा बांधली, तिची आज काय अवस्था आहे, याची माहिती मिळवून दहा-बारा ओळी लिहा.